टंकी काकूंची, मोटर आपली, आणि भिजल्या त्या माहेश्वरी साड्या

या वेळचं पत्र इंदूरच्या सुदामा नगरातून आलंय. पत्र लांब आहे, मी थोडं कापून देतेय, नाव-गाव काढून.

"ताई नमस्कार, आम्ही दोन वर्षांपासून खालच्या मागच्या पोर्शनमधे किरायाने राहतो, वर मालक काका-काकू. किराया ९,०००, डिपॉझिट १८,०००, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. मी घरूनच माहेश्वरी साड्या विकते, ओळखीत आणि व्हॉट्सॲपवर. मागच्या महिन्यात नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी सकाळी वरची टंकी ओव्हरफ्लो झाली, मोटर त्या दिवशी ह्यांनीच लावली होती पण बंद नेहमी काकाच करतात, काका उज्जैनला गेलेले हे आम्हाला माहीतच नव्हतं. गच्चीवर पाणी साचलं आणि आमच्या भिंतीतल्या कपाटातून धो धो खाली आलं. २२ साड्या भिजल्या, गादी गेली, खाली चार्जिंगला ठेवलेला लॅपटॉप गेला. एक मोरपंखी साडी होती तिच्यावर चुन्याचा पांढरा नकाशाच उमटलाय, बघून रडू येतं. मी १,४१,४०० चा हिशोब दिला तर काकू म्हणाल्या मोटर तुमच्या मिस्टरांनी लावली, वर पाऊस, आणि ॲग्रीमेंटमधे लिहिलंय की सामानाची जबाबदारी किरायेदाराची. मी मार्चमधेच त्यांना तिथल्या सीलनचा, म्हणजे भिंतीतल्या ओलीचा, फोटो पाठवला होता, त्यांनी दिवाळीआधी गच्ची करून घेऊ म्हणून अंगठा पाठवलेला. आता मी तीन महिने किराया द्यायचा नाही असं ठरवलंय. बरोबर ना? – भिजलेली"

ताई म्हणालीस ना, मग मी तू च म्हणते, अहो-जाहो मला लिहितानाच जड जातं. आधी माझं सांगते म्हणजे तुला कळेल कोणाचं ऐकतेस. मी वकील नाही, पण वकिलाच्या ऑफिसात २२ वर्षं कागद टाइप केलेत, आणि मकान मालक-किरायेदाराची भांडणं इतकी टाइप केलीत की नोटीशीची पहिली ओळ आजही झोपेत म्हणू शकते. शिवाय आता माझीही वरची एक खोली किरायाने आहे, त्यामुळे मी दोन्ही बाजूंची आहे असं समज.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. "मोटर त्या दिवशी ह्यांनीच लावली होती" हे तू इतकं हळूच मधे सरकवलंस, गर्दीत कोणी ओळखीचं दिसलं की आपण मान खाली घालतो ना तसं. तिथूनच सुरू करू, कारण काकू तिथूनच सुरू करणार आहेत.

जे इंदूरचे नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्याकडे नर्मदा १९७८ साली आली, सत्तरेक किलोमीटर लांब जलूदहून डोंगर चढवून पाणी आणतात आणि ते बहुतेक वस्त्यांमधे एक दिवसाआड येतं. म्हणजे ज्या दिवशी येणार त्या दिवशी अख्खी गल्ली पहाटे जागी, हौद भरायचा, हौदातून मोटर लावून वरची टंकी भरायची, आणि मग कोणाच्या तरी गच्चीवरून पाणी रस्त्यावर पडायला लागलं की समोरची मावशी ओरडणार की अगं मोटर बंद करा. मोटर सुरू राहणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, हवामान आहे. दर आठवड्याला कोणाची तरी टंकी ओव्हरफ्लो होतेच.

म्हणून प्रश्न असा विचार की, टंकी ओव्हरफ्लो झाली तर नेहमी पाणी कुठे जातं? ओव्हरफ्लोच्या पाइपातून गल्लीत. दुसऱ्या एका ठिकाणी तू लिहिलंयस की तो पाइप मागच्या वर्षी माकडांनी तोडला आणि तसाच आहे, आणि गच्चीचं पाणी खाली जायच्या पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाची पानं आणि एक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, अडकलेली, हे तुझ्या मिस्टरांनी वर जाऊन स्वतः पाहिलं. बॉलकॉक, म्हणजे टंकी भरली की पाणी आपोआप अडवणारा तरंगता गोळा, तोही तुटलेला. म्हणजे बघ, चूक एक नाही, साखळी आहे. मोटर राहिली, बॉलकॉकने अडवलं नाही, ओव्हरफ्लोने बाहेर टाकलं नाही, गच्चीने खाली सोडलं नाही, आणि स्लॅबच्या जुन्या भेगेतून ते तुझ्या कपाटात आलं. यातली पहिली कडी तुझ्या घरची, बाकीच्या चार वरच्या. आणि गच्चीची चावी कोणाकडे आहे? काकांकडे, तूच लिहिलंयस की वाळवण घालायचं असेल तरी मागून घ्यावी लागते. हे चावीचं फार महत्त्वाचं आहे, पुढे येईल.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, पण त्याआधी एक गैरसमज काढू, कारण पत्रात तू तीन वेळा लिहिलंयस "घर त्यांचं म्हणजे जबाबदारी त्यांची". असं नाहीये गं. घर त्यांचं आहे म्हणून तुझ्या सामानाचे पैसे त्यांनी भरावे असा नियम कुठेच नाही. उलट काकू म्हणतात तसं "सामान तुमचं म्हणजे जोखीम तुमची" हेही पूर्ण खरं नाही. मधे एक शब्द बसतो, निष्काळजीपणा. कोणाला धोका माहीत होता, कोणाच्या हातात तो थांबवणं होतं, आणि त्याने थांबवला की नाही. १९१३ ची एक जुनी केस आहे, ऑस्ट्रेलियातली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्याच्या वरच्या अपिलाच्या कोर्टापर्यंत, गेलेली, आमच्या वकील साहेबांची आवडती होती म्हणून मला पाठ आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बेसिनचं भोक कोणीतरी खोडसाळपणे बुजवलं आणि नळ पूर्ण सोडून ठेवला, रात्रभर पाणी खाली झिरपून दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. मालकाला जबाबदार धरलं नाही. का, तर बेसिन असणं, नळ असणं यात काही चुकीचं नाही आणि खोडी तिसऱ्याच माणसाने केली, मालकाने नाही. म्हणजे वरून पाणी आलं एवढंच पुरत नाही, वरच्याची चूक दाखवावी लागते.

आणि तुझ्याकडे ती दाखवायला आहे. मार्चचा तो फोटो आणि तो अंगठा.

खरं सांगू, १,४१,४०० च्या तुझ्या कागदापेक्षा तो अंगठा जास्त किमतीचा आहे. कारण त्याने दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात, काकूंना भेग माहीत होती आणि दुरुस्ती आपलं काम आहे हे त्यांनी मानलं होतं. "दिवाळीआधी करून घेऊ" म्हणजे "तुम्ही करून घ्या" नव्हे. मार्च ते ऑगस्ट पाच महिने, मधे पावसाळा, आणि दिवाळी म्हणजे पावसाळ्यानंतर, आता पावसाळ्यानंतर गच्ची दुरुस्त करणं म्हणजे लग्न झाल्यावर मुलगी बघायला जाणं. तो चॅट डिलीट करू नकोस, डिसअपिअरिंग मेसेज सुरू असेल तर आजच बंद कर, आणि जो फोन आहे तोच जपून ठेव, नवीन घेतलास तरी जुना विकू नकोस. कधी कोर्टात गेलंच तर नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत एक सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील करून देतो, पण मूळ फोन हातात असला की सगळं सोपं.

ॲग्रीमेंटच्या त्या ओळीचं. संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याचं कलम १०८ मालक-भाडेकरूंची देणी-घेणी सांगतं, पण सुरुवातच अशी आहे की करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे करारातल्या ओळीला वजन आहे, फाडून फेकता येत नाही. पण नीट वाच, तुझ्या करारात काय लिहिलंय? "किरायेदाराच्या सामानाच्या सुरक्षेची जबाबदारी किरायेदाराची राहील." ही ओळ प्रत्येक टायपिस्ट टाकतो, मी स्वतः शेकडो वेळा टाकलीय, आणि टाकताना आमच्या डोक्यात चोरी असायची, म्हणजे तुमचं कुलूप तुम्ही लावा. मालकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तरी मालक जबाबदार नाही, असं त्यात कुठे म्हटलंय? नाही ना. अशा ओळी कोर्टं ताणून वाचत नाहीत, जेवढं लिहिलंय तेवढंच. ही काकूंची ढाल आहे खरी, पण पत्र्याची.

पावसाचं काय? त्या दिवशी पाऊस होता हे तूही मानतेस. पाऊस देवाचा, पण पन्नी अडकलेला पाइप देवाचा नाही. इंदूरला ऑगस्टमधे पाऊस येणार हे लहान मुलालाही माहीत असतं, त्यासाठीच तर गच्चीला उतार आणि पाइप देतात. हां, विश्वासच बसणार नाही असा महापूर आला असता, पूर्ण कॉलनीत कंबरभर पाणी, तर मी तुला म्हटलं असतं सोड, इन्शुरन्स बघ. इथे तसं नव्हतं. तरीही काकू हा मुद्दा आणणार, म्हणून त्या सकाळची एक गोष्ट लिहून ठेव, मोटर बंद केल्यावर किती वेळाने कपाटातलं पाणी थांबलं. तुझ्या मिस्टरांनी बटण बंद केल्यावर जर वीस मिनिटांत धार कमी झाली आणि पाऊस तसाच सुरू होता, तर पाणी टंकीचं होतं, एवढं साधं आहे.

आता तुझी बाजू, रागावू नकोस. मार्चमधे तुला सीलन दिसली. तू फोटो पाठवलास, छान. पण मग पाच महिने साड्या त्याच कपाटात का ठेवल्यास? रेशीम-सुती माल, जरीचा काठ, आणि मागे ओली भिंत. मला माहितीये, दोन खोल्यांत जागा कुठे असते, दिवाणाखाली सासूबाईंच्या पेट्या आणि वर पाहुण्यांच्या गाद्या. पण कोणी समोरून हे विचारणार आणि तुला उत्तर हवं. तसंच लॅपटॉप, त्या भिंतीच्या खाली फरशीवर चार्जिंगला. आणि मोटर. तुमच्याकडे ठरलेलं होतं की लावणार तुम्ही, बंद करणार काका, ठीक, पण बटण दाबणाऱ्याने अर्ध्या तासाने एकदा वर बघावं एवढी अपेक्षा कोणीही करेल. काका उज्जैनला गेल्याचं सांगितलं नाही ही त्यांची चूक, चाळीस मिनिटं आवाज ऐकूनही कोणी उठलं नाही ही तुमची.

माझ्या हिशोबाने तीन हिस्से त्यांचे, एक तुझा. दुसरा कोणी दोन-दोन म्हणेल, भांडत बसणार नाही. पण चारही त्यांचे म्हणणारा मला भेटला नाही.

माझंच सांगते. पाचेक वर्षांपूर्वी माझ्या वरच्या खोलीत एक मुलगा होता, स्पर्धा परीक्षेचा. गीझरची नळी फुटली, तो क्लासला गेलेला, दोन तासांत सगळ्या नोट्स आणि पुस्तकं पलंगाखाली तरंगत होती. नळी जुनी झालीय असं त्याने मला जिन्यात एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, आणि मी "बघते" म्हटलेलं. कागद नव्हता, मेसेज नव्हता, मी नाही म्हणू शकले असते. पण मला आठवत होतं ना. पुस्तकांचे पूर्ण दिले, नोट्सचे काय देणार, त्याच्या मित्राकडच्या नोट्सच्या झेरॉक्सचे पैसे दिले. त्याने पलंगाखाली ठेवल्या म्हणून अर्धेच द्यावेत असं आमचे हे म्हणत होते, आणि खरं तर ते बरोबरच होते, पण मला त्या मुलाचा चेहरा बघवेना. तुझ्या काकूंनाही तो अंगठा आठवतोय बघ, म्हणूनच त्या इतक्या जोरात बोलल्या.

आता पैशांचं, इथे तू घोळ घातलायस. २२ साड्या गुणिले ४,२००, हा तुझा विकायचा भाव. नुकसान म्हणजे तो माल परत उभा करायला जेवढे लागतील तेवढे. तुझी खरेदी सरासरी २,८०० ची आहे असं तूच लिहिलंस. शिवाय २२ पैकी १३ नुसत्या भिजल्यात, डाग नाही, त्या ड्रायक्लीनवाल्याकडे जातील, २०० रुपये धर प्रत्येकी. वाया गेल्या ९. म्हणजे २५,२०० आणि २,६००. पण त्या ९ पण अगदी शून्य नाहीत गं, चुन्याचा डाग एका बाजूला असेल तर उरलेल्यातून ब्लाउज, कुर्ता, ओढणी निघते, डॅमेज माल म्हणून ५०० ला सहज जाईल, ते ४,५०० वजा. गादी २०१९ ची ११,००० ची, आज तिचे चार हजारच. लॅपटॉप ३८,००० चा पण चार वर्षं जुना, बारा धर. झाले ३९,३००. त्याचे तीन हिस्से म्हणजे २९,४७५. कुठे १,४१,४०० आणि कुठे तीस हजार! पण तुझा पहिला आकडा ऐकून काकूंनी दार लावून घेतलं, दुसरा ऐकून कदाचित बसायला सांगतील.

माल वाचवायची धडपड केली नाही तर तेवढं नुकसान आपल्याच गळ्यात पडतं, भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मधे हे लिहिलंय, नुकसान कमी करायला काय हाताशी होतं तेही बघतात. म्हणून साड्या तशाच ओल्या ठेवून "बघा बघा" करू नकोस. आधी उजेडात फोटो, प्रत्येक साडीचा पूर्ण आणि डागाचा जवळून, खरेदीची पावती किंवा विणकराला यूपीआय केल्याचा दाखला जोडून. मग सावलीत वाळव, उन्हात नको. लाल काठाच्या साड्या क्रीम साड्यांपासून वेगळ्या काढ, रंग सुटायला लागला की थांबत नाही. इस्त्री अजिबात फिरवू नकोस, डाग आत बसतो. आणि मोरपंखी साडी घरी धुऊ नकोस, चुन्यावर साबण म्हणजे रंगाची वाट, दुकानात द्यायची ती चुना आहे असं सांगूनच दे.

किराया थांबवायचं म्हणतेस ते मात्र नाही. म्हणजे नाहीच. मध्यप्रदेशात स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ आहे, म्हणजे आपला किरायाचा कायदा, त्याच्या कलम १२ मधे घर खाली करून घ्यायच्या कारणांत पहिलंच हे आहे, किराया थकला, मागणीची नोटीस दिली आणि दोन महिन्यांत भरला नाही. आत्ता काकू चुकीच्या बाजूला आहेत, तीन महिने पैसे थांबवलेस की तू त्यांना स्वतःच्या हाताने बरोबर करून देशील. किराया वेळेवर, यूपीआयने, महिन्याचं नाव लिहून. आणि हो, रागात त्यांनी पाणी किंवा लाइट बंद केली तर तेही त्यांना करता येत नाही, तसं झालं तर मला लगेच लिही.

कोणीतरी तुला सांगितलंय की दुरुस्तीचे पैसे किरायातून कापता येतात. हो, कलम १०८ मधे तसं आहे, जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे ती सांगूनही वाजवी वेळात केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च कापू शकतो. पण ती दुरुस्ती, साड्या नव्हे. भेग बुजवायचे पैसे कापणं वेगळं आणि भिजलेल्या मालाचे पैसे स्वतःच वळते करून घेणं वेगळं, दुसऱ्याला कुठेच आधार नाही. आणि भेग बुजवायलाही आधी लेखी सांग, एवढ्या दिवसांत नाही झालं तर मी मिस्त्री बोलावून बिल पाठवते असं.

तुम्ही "मॉडेल टेनन्सी ॲक्ट आलाय ना" असंही लिहिलंत, म्हणजे तू आणि तुझा भाऊ. २०२१ मधे केंद्राने मंजूर केलेला तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा करेपर्यंत तो नुसता नमुनाच. त्यात बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे आणि नळाचा वॉशर-बिशर भाडेकरूकडे अशी यादी दिलीय, बोलताना "बघा, सरकारलाही असंच वाटतं" म्हणायला कामाची, कागदावर आधार म्हणून नाही.

काकूंशी बोलायचं कसं. काका नसताना बोलू नकोस, आणि फोनवर तर नाहीच. आधी एक मेसेज टाक, साधा, असा काहीसा: "काकू, मागच्या महिन्यात गच्चीचं पाणी येऊन झालेल्या नुकसानीबद्दल मी आधी रागात मोठा आकडा सांगितला, तो चुकीचा होता. नीट हिशोब केलाय, पावत्या आहेत. मोटर आमच्याकडून सुरू राहिली तो आमचा भाग मी वजा केलाय. मार्चमधे पाठवलेला सीलनचा फोटो परत पाठवते. रविवारी काका आणि तुम्ही दोघं असाल तेव्हा आम्ही दोघं वर येतो, एकदा गच्ची सोबत बघू." बास. "नाहीतर कोर्ट" वगैरे काही नको. हा मेसेज उद्या कोणी तिसऱ्याने वाचला तरी त्याला वाटलं पाहिजे की बाई शहाणी आहे.

वर गेलीस की आधी गच्चीवर जा, सोफ्यावर नंतर. भेग, पाइप, बॉलकॉक सगळ्यांनी एकत्र बघितलं की निम्मं भांडण तिथेच संपतं. त्या रोख देणार नाहीत बहुतेक, पेन्शनवाली माणसं आहेत, मग तीन-चार महिने किराया कमी करून घे, पण ते दोघांच्या सहीने कागदावर, "नुकसानभरपाई म्हणून दरमहा इतके कमी" असं. नाहीतर सहा महिन्यांनी तोच कमी किराया थकबाकी म्हणून उभा राहतो, मी अशी फाइल टाइप केलीय. डिपॉझिटलाही हात लावायचा नाही असं त्यातच लिहून घे.

नाहीच ऐकलं तर? पोलिसात जाऊन काही होणार नाही, हा दिवाणी मामला आहे, ते तुला हवालदारी चहा पाजून परत पाठवतील. ग्राहक मंचातही घर-किरायाचे वाद सहसा बसत नाहीत. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टातच असतं, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट बायकांना नाही, १९८७ च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. १५१०० वर फोन करून विचारता येतं. तिथे केस न करताच लोक अदालतीसाठी अर्ज देता येतो, समोरच्यांना बोलावतात, बसवतात, तीस हजारांच्या वादाला ह्यापेक्षा बरी जागा नाही. घाई नाही पण आळसही नको, अशा दाव्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि साक्षीदार, म्हणजे समोरची मावशी, इतकं थांबत नाहीत, मुलाकडे पुण्याला जातात.

एक मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. करारात "केवळ राहण्यासाठी" लिहिलंय का? असेल तर साड्यांचा धंदा तिथून चालतो हे मोठ्याने सांगताना जरा जपून. काकू स्वतः तुझ्याकडून दोन साड्या घेऊन बसल्यात म्हणजे त्यांना माहीत होतं, पण कागद कागद असतो. पुढच्या करारात "घरून साड्यांची विक्री" एवढी ओळ टाकून घे.

आणि इन्शुरन्स. काकूंचा घराचा विमा असला तरी त्यात तुझं सामान येत नाही, हे लोकांना वाटतं येतं. तुझ्यासाठी भारत गृह रक्षा म्हणून पॉलिसी आहे, एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, किरायेदार नुसत्या सामानाची घेऊ शकतो, आणि त्यात टंकी किंवा पाइप फुटून, ओव्हरफ्लो होऊन झालेलं नुकसान चक्क नाव घेऊन लिहिलंय. पण त्यात गादी, लॅपटॉप येईल, विकायच्या साड्या नाहीत, तो धंद्याचा माल. त्यासाठी छोट्या व्यवसायांची वेगळी, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. एजंटला दोन्ही नावं घेऊनच विचार, नाहीतर तो तुला आधी जीवन विमा दाखवेल.

बॉलकॉक आणि ओव्हरफ्लोचा पाइप काकांनी बसवायचा, गच्चीची भेग पण त्यांची. तो अलार्म मिळतो ना टंकीचा, "पानी की टंकी भर गई है, कृपया मोटर बंद कर दें" असं पूर्ण मोहल्ल्याला ओरडून सांगणारा, तो मात्र तुझ्या मिस्टरांना सांग आणायला, स्वतःच्या खिशातून. रविवारी वर जाताना हातात तो डबा असू दे.